आठ हजार दोनशे

५ जानेवारी

आठ हजार दोनशे! हा आकडा आला कुठून? कंपनीच्या पुस्तकात नाही, माझ्या वहीत नाही. टायरवाल्याच्या दुकानात, चार माणसांसमोर, दादाच्या तोंडातून बाहेर पडला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि दादाच्या तोंडातून काही सांडलं की पुसायला फडकं घेऊन मी!

लिहून काढते, म्हणजे डोकं जरा थंड होईल. आमच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन मिनिटाला सहा हजार आठशे फेऱ्यांपर्यंत सुरक्षित. कंपनीने तिथे लाल रेघ मारलीय. तिच्या वर जाऊ लागलं की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, इंजिन गचके देतं, चालवणारा गुमान गिअर बदलतो. यंदा आतलं सामान बदललंय. घडीव पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड, नवे बोल्ट. म्हणजे रेघ थोडी वर सरकवता येईल. थोडी! किती, ते इंजिन सांगेल. टायरवाला नाही.

दादा म्हणतो, "अगं, आतून सगळं नवं घातलंय आपण. आता घाबरायचं कारणच काय?"

आपण घातलंय. आपण! त्याने खोकी उघडली आणि फोटो काढले. नखांतलं ग्रीस बघितलं तर कोणी घातलंय ते कळेल.

८ जानेवारी

वहिनी सकाळी गॅरेजमध्ये डोकावून गेली. "वन्सं, ह्यांना जुना पिस्टन टीव्हीशेजारी ठेवायचाय, शोभेला. सांगा ना काहीतरी."

म्हटलं, ठेवू दे. निदान तो बोलत तरी नाही.

बिचारी दिवसभर दाताच्या दवाखान्यात उघडी तोंडं बघते. घरी आली की परत दादा.

११ जानेवारी

आज इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडून बसले आणि कपाळाला हात लावला. पिस्टन नवे, रॉड नवे, बोल्ट नवे — वॉल्व्हच्या स्प्रिंगा जुन्याच! यादीत मी लिहिल्या होत्या. दादाने खोडल्या. का? "त्या दिसतात कुठे?"

सोळा वॉल्व्ह, सोळा स्प्रिंगा. कॅमशाफ्ट वॉल्व्हला ढकलून उघडते आणि स्प्रिंग त्याला मिटवते. फेरे वाढले की मिटायला वेळ कमी. स्प्रिंग दमलेली असेल तर वॉल्व्ह उघडाच राहतो, आणि खालून पिस्टन येतच असतो. तो कोणासाठी थांबत नाही. दोघांची भेट होते. त्या भेटीनंतर इंजिन म्हणून काही शिल्लक राहत नाही, भंगार राहतं.

एकेक स्प्रिंग दाबून मोजली. सोळातल्या पाच दमलेल्या. दादाला बोलावून दाखवलं.

"अकरा तर चांगल्या आहेत ना!" — हे उत्तर. आणि तेसुद्धा विजयी चेहऱ्याने!

संध्याकाळी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे पेशंट असंच म्हणतात. बाकीचे दात चांगले आहेत ना, मग हा एक कशाला काढता?"

नव्या स्प्रिंगा मागवल्या. न विचारता.

१९ जानेवारी

स्प्रिंगा आल्या. बसवल्या. सगळं पुन्हा मोजलं, दुपारभर वही घेऊन बसले. पत्र्याखाली नुसती भट्टी झाली होती, पण हिशेब जमला की उकाडा कळत नाही.

गंमत अशी की फेरे वाढले तितकीच ओढ वाढते असं नाही. सहा हजार आठशेवरून आठ हजार दोनशे म्हणजे वीसच टक्के, असं दादा टायरवाल्याला सांगतो. वीसच! पण पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खाली खेचला जातो, तेव्हा रॉडवर, बोल्टवर जी ओढ येते ती वीस टक्क्यांनी नाही, जवळजवळ दीडपटीने वाढते. रॉड ती सोसतील, ते खरंच चांगले आहेत. स्प्रिंगा नव्या असल्या तरी नाही सोसणार. सात हजार नऊशेच्या आसपास त्या हात टेकतील. आणि साखळी तुटते ती कच्च्या कडीवर. पक्क्या कड्यांचे फोटो काढून काय होतंय?

म्हणून मर्यादा सात हजार सहाशे. तीनशेचं अंतर हाताशी राहू दे. माणूस गिअर बदलताना चुकतो, आणि आमचा तर चुकतोच.

दुसरं म्हणजे कॅमशाफ्ट जुनीच आहे. इंजिनाला श्वास तेवढाच. सात हजार तीनशेनंतर ताकद उतरायला लागते. मग आठ हजार दोनशेला मिळणार काय? आवाज. फक्त आवाज. तो तर दादाकडे मुळातच आहे.

२२ जानेवारी

भांडण. मोठं.

प्रोफेसर आला होता. प्रोफेसर म्हणजे कसला, लॅपटॉप घेऊन गाड्यांच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून देतो. चष्म्यामुळे नाव पडलंय. दादाने विचारलं, "आठ हजार दोनशे करता येईल?" तो म्हणाला, "करता येतं की."

करता येतं! चौकोनात आकडा टाकायचा, बटण दाबायचं. पन्नास हजारसुद्धा टाकता येईल. चौकोनाचं काय जातंय?

"सात हजार सहाशे," मी म्हटलं.

"मी आठ हजार दोनशे सांगून बसलोय," दादा म्हणाला.

"मग जाऊन सांग, चुकलं म्हणून."

"लोक काय म्हणतील?"

"लोक बसणार आहेत का गाडीत?"

प्रोफेसर लॅपटॉपमध्ये इतका वाकला की वाटलं आता आतच शिरतोय.

मग मी सोडलं नाही. सगळं सांगितलं. डोंगरावर चढताना तिसऱ्या वळणाआधी तू तिसऱ्या गिअरला पूर्ण दाबून असतोस. तिथे स्प्रिंगेने दगा दिला तर वॉल्व्हचा तुकडा पडेल, पिस्टन फुटेल, इंजिन जागच्या जागी आवळेल. चाकं जाम. डावीकडे कठडा — गुडघ्याएवढा. त्याच्या पलीकडे काय आहे ते तुला माहीत आहे. वहिनीला फोन कोण करणार? मी? काय सांगू? आवाज छान येत होता म्हणून सांगू?

दादाने बाजूचा पाना उचलला. मग म्हणाला, "तू पहिल्यापासूनच भित्री."

आणि गेला. पाना हातातच घेऊन गेला.

२३ जानेवारी

भित्री! मी!

२७ जानेवारी

केलं. लाज अजून तरी वाटत नाहीये.

दादा टायरवाल्याकडे गेला होता, तेवढ्यात प्रोफेसरला गाठलं. कॉम्प्युटरमध्ये मर्यादा टाकली सात हजार सहाशे. आणि डॅशबोर्डवरच्या काट्याचं माप असं बदललं की खरे सात हजार सहाशे झाले की तो आठ हजार दोनशे दाखवेल. काट्याला काय, कॉम्प्युटर सांगेल तसं तो हलतो. त्याला स्वतःचं मत नाही. गावातल्या निम्म्या माणसांसारखाच.

प्रोफेसर घाबरला. "ताई, दादांना कळलं तर?"

"कसं कळेल? त्यांना काटा दिसतो. इंजिन मला दिसतं."

इंजिन वाचेल, दादा वाचेल, दादाचं नाकही वाचेल. एका दगडात तीन पक्षी. दिवसभर गुणगुणत होते. वहिनीने विचारलं, काय झालंय. म्हटलं, काही नाही, स्प्रिंगा छान बसल्या.

२ फेब्रुवारी

सरावाचा दिवस. टायरवाल्याने अख्खं दुकान बंद करून माणसं आणली होती, बारशाला यावं तशी.

दादा रस्त्याच्या त्या टोकाला गेला, वळला, समोरून आला, गेला. धूळ खाली बसायच्या आत टायरवाला छातीला हात लावून म्हणतो, "आठ हजार दोनशे! लगेच कळतो हो. साडेसात हजारांना हा आवाज येतच नाही. त्यात हा दाणा नसतो."

दाणा!

एक जण म्हणाला, त्याला छातीत धडधड जाणवली. दुसऱ्याला दाढेत. मी तोंडात फडकं कोंबायचं बाकी ठेवलं होतं.

दादा उतरला. हेल्मेट काढलं. चेहरा लाल. "कसं वाटलं?" टायरवाल्याने विचारलं.

"गातं रे," दादा म्हणाला. "आठ हजार दोनशेला नुसतं गातं." माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

मला वाटलं, ओशाळला. मला भित्री म्हटलं म्हणून. ओशाळू दे.

९ फेब्रुवारी

हंगामातली पहिली चढाई. एकेक गाडी सोडतात, खालपासून वरपर्यंत घड्याळ. गेल्या वर्षी जुन्या इंजिनावर दादाची उत्तम वेळ दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद.

आज दोन मिनिटं शेहेचाळीस.

नवे पिस्टन, नवे रॉड, नव्या स्प्रिंगा, वर आठशे फेरे जादा — आणि पाच सेकंद उशीर! एवढ्या वेळात माणूस बुटाची नाडी बांधून येईल.

"गाडी खालून दमते," दादा म्हणाला. "वर जोर आहे, खाली नाही."

नाचता येईना अंगण वाकडं.

१० फेब्रुवारी

अंगण तपासलं. अंगण सरळ आहे.

१६ फेब्रुवारी

दुसरी चढाई. दोन सत्तेचाळीस. अजून एक सेकंद मागे!

आठवडाभर मी इंजिनाची अशी तपासणी केली की डॉक्टरांनी लाजावं. चारही सिलिंडरमध्ये दाब समान. वॉल्व्हची फट बरोबर. तेलाचा दाब उत्तम. पेट्रोल स्वच्छ. काही म्हणजे काही दोष नाही. दादा बाजूला उभा राहून बघत होता, एरवी सूचनांचा पाऊस पाडतो, या वेळी एक शब्द नाही. मी म्हटलं, "हात चालत नाहीत का तुझे? गिअर बदलताना झोपतोस का?" तरी गप्प. मला उलट हुरूप आला. आणखी दोन-चार टोमणे मारले. त्याला काय म्हटलं ते लिहीत नाही, पण वहिनीसमोर म्हटलं.

टायरवाल्याने निदान केलं : "आठ हजार दोनशे कमी पडतायत. नऊ हजार करा."

१७ फेब्रुवारी

आज लॉग काढला.

गाडीचा कॉम्प्युटर क्षणाक्षणाची नोंद ठेवतो — कधी किती फेरे, कधी पाय किती दाबलेला. मी आधी का नाही काढला? कारण मला वाटलं, त्यात काय दिसणार ते मला ठाऊकच आहे. सात हजार सहाशेला आपटणारी रेघ.

रेघ कुठेच आपटत नाही. दोन्ही चढाया, सगळा सराव, मिळून सगळ्यात वरचा आकडा — सहा हजार दोनशे.

तीनदा बघितला. केबल काढून परत लावली.

सहा हजार दोनशे! त्याने नवी मर्यादा तर सोडाच, जुनीसुद्धा गाठलेली नाही. गातं म्हणे! पंधरा दिवस हे सगळं गाव ज्या आवाजावर डोलतंय तो मुळात झालाच नाही!

मोठ्याने हसले. गॅरेजमध्ये एकटीच. मग सहज म्हणून कागदावर मांडलं, की खरे सहा हजार दोनशे असताना माझ्या खोट्या काट्यावर त्याला काय दिसत असेल. जवळजवळ सहा हजार सातशे.

म्हणजे जुन्या लाल रेघेच्या जरा अलीकडे. प्रत्येक वेळी. न चुकता. आठ हजार दोनशेसाठी माझ्याशी भांडला, आणि गाडीत एकटा बसल्यावर त्या जुन्या रेघेलाही पाय लावला नाही.

आणि काटा खरा असता तर तो निदान सहा हजार सातशेला तरी गेला असता. ते पाच-सहा सेकंद त्याचे नाहीत. माझे आहेत.

हसू कुठे गेलं कळलं नाही.

२० फेब्रुवारी

सांगायला हवं. तीन दिवस सांगतेय — या वहीला.

वहिनी आज ओट्याशी उभी राहून म्हणाली, "वन्सं, एक विचारू? ह्यांना चढाईच्या आधी दोन-दोन दिवस जेवण जात नाही. पूर्वी असं नव्हतं. गाडीत काही आहे का?"

"गाडीत काही नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही जरा कमी बोला ना त्यांना."

एवढंच. मग भांडी पुसायला लागली.

२२ फेब्रुवारी

सांगितलं.

दुपारची वेळ, दादा बेसिनवर हात धूत होता. मी एका दमात बोलून टाकलं. मर्यादा सात हजार सहाशेच आहे, काटा खोटा आहे, मी केलंय, प्रोफेसरचा दोष नाही. आता ओरडेल, पाना फेकेल, म्हणून जरा लांब उभी होते.

त्याने नळ बंद केला. "माहीत आहे," म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तिसऱ्या गिअरला साठचा वेग असला की काटा कुठे असतो, ते मला झोपेत विचार. गिअरबॉक्स तोच, चाकं तीच. सरावाच्या पहिल्याच दिवशी काटा वर दिसला. काटा आपणहून वर जात नाही. म्हटलं, ही बाईच."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? आठ हजार दोनशे सांगून बसलो होतो चार लोकांत. तू मला मागे यायला वाट करून दिलीस. मला वाटलं, तू मुद्दाम, मला सांभाळून घ्यायला केलंस."

सांभाळून घ्यायला! मी दीड महिना या वहीत त्याची टिंगल लिहितेय.

मी लॉगचा कागद पुढे केला. त्याने बघितला नाही. हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते.

"काटा खोटा आहे हे कळलं होतं, तर मग सहा हजार सातशेवर पाय का उचलतोस?" मी विचारलं. हळूच विचारलं. मला हळू विचारता येतं हे मलाही नवीन होतं.

"डोक्याला माहीत आहे गं. पायाला कोण सांगणार?" मग म्हणाला, "गेल्या वर्षी शेवटच्या चढाईला तिसऱ्या वळणावर मागचं चाक कठड्याला लागलं. घासलं नुसतं. खाली कोणाला कळलंही नाही. रात्री मीच रंग मारला. तेव्हापासून वळण जवळ आलं की पाय उठतो. म्हटलं, इंजिन पक्कं केलं, मोठा आकडा बोललो, की भीती जाईल. मग तू ते वॉल्व्हचं सांगितलंस... वहिनीला फोन कोण करणार म्हणालीस. ते डोक्यातून जात नाही."

म्हणजे त्याने माझा शब्दन् शब्द ऐकला होता. भांडला, भित्री म्हणाला, पाना घेऊन गेला — आणि ऐकला होता. अख्ख्या गावात त्याच्याइतकं माझं कोणी ऐकलं नसेल.

मी म्हटलं, "चहा करू?"

तो म्हणाला, "कर."

२४ फेब्रुवारी

काटा खरा करून टाकला. दादा शेजारी उभा होता. टायरवाल्याने विचारलं, आता किती? दादाने सरळ सांगितलं, "सात हजार सहाशे. आमच्या हिने काढलेला आकडा आहे." टायरवाला म्हणाला, तरीच दाणा कमी वाटत होता.

या वेळी दोघं हसलो.

१ मार्च

शेवटच्या चढाईचा फॉर्म दादाने भरला. चालकाच्या रकान्यात माझं नाव! मेकॅनिक म्हणून स्वतःचं.

"वेडा झालास का?"

"परवाना आहे ना तुझ्याकडे? सरावाला गाडी तूच तर आणतेस-नेतेस. इंजिन तुझं, आकडा तुझा. जा आणि दाखव सात हजार सहाशे. मला बघायचंय."

टोमणा असावा म्हणून चेहरा बघितला. नव्हता. खरंच बघायचं होतं त्याला.

वहिनी म्हणते, "वन्सं, सांभाळून." मी म्हटलं, स्प्रिंगा मी बसवल्यात, रॉड मी बसवलेत. प्रत्येक बोल्ट किती आवळलाय ते मला पाठ आहे. भीती कसली? भीती माहिती नसलेल्याला.

६ मार्च

आज सरावाला सपाट रस्त्यावर सात हजार सहाशेला लावली. तीनदा. बरोबर तिथेच पेट्रोल तुटलं, एक फेरा इकडे नाही की तिकडे नाही. काय इंजिन बांधलंय मी! दादा लांबून दोन्ही हात वर करून ओरडत होता. रविवारी दोन मिनिटं पस्तीसच्या आत आणते की नाही बघा.

९ मार्च

दोन मिनिटं एक्कावन्न.

लॉग मीच काढला. सगळ्यात वर पाच हजार नऊशे. तिसऱ्या वळणाच्या खूप आधी पाय उचललेला आहे. मी उचलल्याचं मला आठवतसुद्धा नाही.

पुसून टाकायचं बटण समोरच होतं. नाही दाबलं. दादाला बोलावून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

हसला नाही. मी हसले असते.